काहीच न झालेले मासे

झेब्राफिश उजेडाला अंडी घालतात. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी एकाच डब्यात, पण मधे पारदर्शक पडदी सरकवून ठेवायचे. सकाळी दिवे लागले की पडदी उचलायची. मग थोडा वेळ नुसती पाठशिवणी चालते, आणि हळूहळू डब्याच्या जाळीखाली काचेच्या मण्यांसारखी अंडी जमू लागतात. एकेक जेमतेम पाऊण मिलिमीटरचं. तिथून तुमच्या हातात फार तर पाऊण तास. तेवढाच वेळ अंडं एका पेशीचं असतं. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी व्हायला लागल्या, की सुईने आत घातलेलं मिश्रण काही पेशींना मिळतं, काहींना नाही, आणि पुढचं सगळं गणित पहिल्याच सकाळी विस्कटतं.

या पाऊण तासाच्या भरवशावर मी साडेपाच वर्षं काढली. काचेची नळी तापवून ताणली की केसाहून बारीक सुई होते. तिचं टोक चिमट्याने मोडायचं. कमी मोडलं तर काही बाहेर येत नाही, जास्त मोडलं तर अंड्याला भगदाड पडतं. मग मायक्रोस्कोपखाली ओळीने लावलेल्या अंड्यांना एकेक थेंब द्यायचा. थेंब म्हणजे एक नॅनोलिटर, मिलिलिटरचा दहा लाखावा भाग. डोळ्यांना दिसावा म्हणून त्यात लाल रंग घातलेला. चांगल्या दिवशी एका बैठकीत तीनशे अंडी व्हायची. वाईट दिवशी तिसऱ्याच अंड्याला सुई चोंदायची, आणि दुसरी सुई लावेपर्यंत अंडी दोन पेशींची होऊन माझ्याकडे बघत बसलेली असायची.

थेंबात दोन गोष्टी असतात. एक कॅस९ नावाचं कापणारं प्रथिन, आणि दुसरा त्याला कुठे कापायचं ते दाखवणारा छोटासा आरएनए. या आरएनएला सगळे ‘गाईड’ म्हणतात. पीएचडीचे गाईड वेगळे. त्यामुळे ‘गाईड काही कामाचा नाही’ हे वाक्य आमच्या लॅबमध्ये दाराकडे बघून बोलावं लागायचं. तर या गाईडमधली २० अक्षरं डीएनएमधल्या आपल्या जोडीदार अक्षरांना जाऊन चिकटतात. त्या जागेला लागूनच कुठलंही एक अक्षर आणि मग दोन ‘जी’ असले, की कॅस९ तीन अक्षरं अलीकडे डीएनएचे दोन्ही धागे कापतं. पुढचं काम आपण करत नाही. तुटलेला डीएनए पेशीला धोक्याचा वाटतो, ती घाईघाईने टोकं जोडते, आणि या घाईत कधी चार अक्षरं गळतात, कधी दोन जास्तीची घुसतात. जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं. एक अक्षर गळलं तरी तिथून पुढचं वाचन घसरतं, आणि थोड्याच अंतरावर नको तिथे ‘थांबा’ची खूण लागते.

म्हणून ‘जनुक संपादन’ हा शब्द मला नेहमीच जरा सोज्वळ वाटत आला आहे. संपादक वाक्य नीट करतो. एकच अक्षर बदलणारी, तशी खरी संपादनं करणारी साधनंही आता आहेत; डेव्हिड लिऊ यांच्या गटाने २०१६ मध्ये त्यातलं पहिलं दाखवलं. पण प्राण्यांच्या लॅबमध्ये रोज जे चालतं ते बहुतेक वेळा मोडणं असतं. मोडायचं आणि काय बिघडतं ते बघायचं. बिघडलं ते त्या जनुकाचं काम.

ही पद्धत कॅस९च्या कितीतरी आधीची. फळमाशीच्या जनुकांची नावं वाचली की ती लगेच कळते. १९१० मध्ये थॉमस हंट मॉर्गन यांच्या बाटलीत लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये एक पांढऱ्या डोळ्यांचा नर निघाला. ज्या जनुकात तो बिघाड होता त्याचं नाव पडलं ‘व्हाइट’. म्हणजे डोळ्यात रंग नेऊन पोचवायचं काम ज्याचं, त्याचंच नाव पांढरा. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्याच्या बरोबर उलट. ‘आयलेस’ नावाचं जनुक डोळा घडवतं. हे फक्त बोलण्यापुरतं नाही. १९९५ मध्ये बाझेलला वॉल्टर गेरिंग यांच्या गटाने ते जनुक भलत्या जागी चालू केलं, तर माशीच्या पायावर, पंखावर, मिशीवर डोळे उगवले. मग त्यांनी तिथे उंदराचं तेच जनुक घातलं. तरीही डोळा आला, आणि तो उंदराचा नाही, माशीचाच. माणसात या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तर डोळ्यात बुबुळाचा रंगीत पडदा नीट बनत नाही. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते. साठ कोटी वर्षांच्या आसपास वेगळे झालेले दोन जीव, आणि ‘डोळा कर’ हा हुकूम एकाचा दुसऱ्याला कळतो.

अशा गोष्टी ऐकून आम्ही या कामात येतो. जनुक मोडलं, डोळा गेला. कार्यकारण इतकं स्वच्छ, की आयुष्यात दुसरं काही इतकं स्वच्छ नसतं.

उंदरात हेच करायला माणसांची उमेदीची वर्षं गेली. मारिओ कापेकी यांनी १९८० मध्ये अमेरिकेच्या एनआयएचकडे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, अनुदान मागितलं, त्यात सस्तन प्राण्याच्या पेशीतलं हवं तेच जनुक गाठून बदलायचा बेत होता. परीक्षकांनी सुचवलं, हा भाग सोडा, जमण्यासारखा नाही. कापेकींनी दुसऱ्या कामांसाठी मिळालेले पैसे तिकडे वळवले. चार वर्षांनी ते निकाल घेऊन परत गेले, तेव्हा उत्तर आलं की तुम्ही आमचं ऐकलं नाहीत हे बरं झालं. २००७ मध्ये कापेकी, मार्टिन एव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिदीज यांना नोबेल मिळालं. त्या पद्धतीत मूलपेशीत जनुक बदलायचं, ती पेशी भ्रूणात सोडायची, ठिपक्याठिपक्यांचं मिश्र पिल्लू जन्माला घालायचं आणि पुढच्या पिढ्यांत तो बदल शोधत बसायचं. एका उंदराला वर्ष सहज जायचं. २०१३ मध्ये रुडॉल्फ येनिश यांच्या गटाने कॅस९ थेट उंदराच्या एकपेशी भ्रूणात घालून दोन जनुकं एकदम मोडली, काही आठवड्यांत. जुन्या पद्धतीत हात बसलेल्या मंडळींचे चेहरे तेव्हा कसे झाले असतील, याची कल्पना मला करता येते. पुढे माझाही तसाच झाला, वेगळ्या कारणाने.

मी लॅबमध्ये आले ती याच सुमाराला. मला आधी सरावासाठी जे जनुक दिलं ते सगळ्यांनाच देतात: टायरोसिनेज, काळा रंग बनवणारं. झेब्राफिशचं पिल्लू आरपार दिसतं. एका दिवसात त्याचं हृदय धडधडायला लागतं, आणि ते बाहेरून, कातडीतून, मायक्रोस्कोपखाली बघता येतं. दुसऱ्या दिवशी अंगावर काळे ठिपके येतात. मी टोचलेल्या पिल्लांपैकी काहींना ठिपके आलेच नव्हते. काहींना अर्ध्या अंगावर होते, अर्ध्यावर नव्हते. एकाचा एक डोळा काळा आणि दुसरा दुधाळ. प्रत्येक पेशीत कापणं वेगवेगळ्या वेळी झालेलं, त्यामुळे एकाच माशात मोडलेल्या आणि न मोडलेल्या पेशींची गोधडी. मी त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हाताला धरून मायक्रोस्कोपपाशी नेलं. सगळ्यांनी आपापल्या पहिल्या वेळी हे बघितलेलं होतं, पण चांगुलपणाने परत बघितलं.

नंतर खरं जनुक मिळालं. त्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही, तसंही तो आकड्यांचा आणि इंग्रजी अक्षरांचा गुंता आहे. माझ्या आधीच्या एका सीनियरने त्यावर मॉर्फोलिनो वापरून काम केलेलं होतं. मॉर्फोलिनो जनुकाला हात लावत नाही. जनुकावरून जी आरएनएची नक्कल निघते तिला चिकटून बसतं आणि तिचं प्रथिन होऊ देत नाही. चारपाच दिवस त्याचा अंमल राहतो. तेवढ्यात त्या पिल्लांच्या हृदयाभोवती पाणी भरायचं आणि हृदय ताणलेल्या दोऱ्यासारखं व्हायचं. फोटो सुंदर होते. माझं काम सोपं होतं: तेच जनुक कायमचं मोडायचं, म्हणजे तोच आजार पिढ्यान्पिढ्या मिळेल आणि त्यावर पुढचा अभ्यास करता येईल.

टोचलेले मासे वाढवायचे, तीन महिन्यांनी ते वयात आले की साध्या माशांशी त्यांची जोडी लावायची, त्यांच्या पिल्लांत एका प्रतीत बिघाड असलेली शोधायची, ती तीन महिने वाढवायची, आणि मग त्यांची आपसात जोडी लावायची. मेंडेलच्या हिशेबाने या शेवटच्या पिल्लांत चारात एकाच्या दोन्ही प्रती मोडलेल्या. मला सात अक्षरं गळलेला एक छान बिघाड मिळाला होता. पहिली अंडी आली त्या दिवशी मी मनात आकडे मांडूनच बसले होते: शंभर अंडी, म्हणजे परवा पंचवीस सुजलेली हृदयं.

निघाली पाच.

आता कुठल्याही अंड्यांच्या घोळक्यात दोनचार पिल्लं सुजलेली निघतातच. त्याला काही कारण लागत नाही. हे मला माहीत होतं. पण हवं ते दिसायला लागलं की माहीत असलेलं बाजूला पडतं. मी म्हटलं, बिघाड काहींतच उठून दिसत असेल. मी ती पाच उचलून नळ्यांत घातली, त्यांचा डीएनए काढला, आणि उरलेल्या पंचाण्णव पिल्लांच्या डिशवर ‘नॉर्मल’ असं लिहून त्यात भूल देणारं ट्रायकेन भरपूर ओतलं. नियमाने तसंच करतात; त्यांना त्रास होत नाही. थोड्या वेळाने ती हलायची थांबली.

जेलवर, म्हणजे डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर, पाचांचे निकाल आले ते एकमेकांशी न जुळणारे. कोणी दोन्ही प्रती चांगल्या असलेलं, कोणी एक मोडलेली, एखादं दोन्ही मोडलेलं. मी प्रायमर, म्हणजे डीएनएचा हवा तो तुकडा हेरणारे छोटे धागे, बदलले. पुढच्या आठवड्यात परत सुजलेली उचलली, परत तेच. पीसीआरचं, म्हणजे त्या तुकड्याच्या भरपूर नकला काढण्याच्या प्रक्रियेचं, तापमान बदललं. नळ्यांची अदलाबदल केली असं वाटून स्वतःवर चिडले आणि नळ्यांना रंगीत झाकणं आणली. असे चार महिने गेले. दर आठवड्याला दोन घोळके, दर वेळी सुजलेली नळीत आणि ‘नॉर्मल’ ट्रायकेनमध्ये.

शेवटी एका मीटिंगमध्ये मॅडमनी, म्हणजे पीएचडीच्या गाईडनी, विचारलं, “आणि बाकीच्यांचं काय आलं?”

“बाकीची नॉर्मल होती, मॅडम.”

“ते कळलं. त्यांचं जेलवर काय आलं?”

मला पुढे काही बोलता आलं नाही. त्यांनीही ताणलं नाही. वहीत काहीतरी लिहिलं आणि दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळल्या.

पुढच्या घोळक्यातली ९६ ठणठणीत पिल्लं मी एकेक करून नळ्यांत घातली. त्यांच्यातली २३ दोन्ही प्रती मोडलेली होती. चारात एक, मेंडेलने सांगितलं होतं तसंच. ज्या माशांसाठी मी वर्षभर खपत होते ते मला दर आठवड्याला मिळत होते, आणि मी ते दर आठवड्याला ओतून देत होते, कारण ते आजारी दिसत नव्हते.

हे प्रकरण माझ्यापुरतं असतं तर मी ते लिहिलं नसतं. २०१५ मध्ये नेथन लॉसन यांच्या गटाने झेब्राफिशमधली बरीच जनुकं पद्धतशीर मोडून जुन्या मॉर्फोलिनोच्या निकालांशी ताडून बघितली. सुमारे ८० टक्के वेळा मॉर्फोलिनोने दिसलेला बिघाड जनुक मोडल्यावर दिसला नाही. आमच्या क्षेत्रात त्या वर्षी बरीच आदळआपट झाली. एका बाजूचं म्हणणं, मॉर्फोलिनो विषारी आहे, तो आजार जनुकाचा नव्हताच, सुईचा होता. म्हणजे माझ्या सीनियरचे ते सुंदर फोटो निव्वळ विषबाधेचे. दुसऱ्या बाजूला सांगण्यासारखं फारसं नव्हतं, मासे तर मजेत पोहत होते.

मग त्याच वर्षी जर्मनीतल्या दिदिए स्टेनिए यांच्या गटाचा शोधनिबंध आला. त्यांच्याकडे रक्तवाहिन्यांच्या घडणीतलं एक जनुक होतं, त्याचीही हीच रड: मॉर्फोलिनोने मोठा बिघाड, जनुक मोडलं तर जवळजवळ काही नाही. त्यांनी एक साधी गोष्ट केली, इतकी साधी की मला हेवा वाटतो. ज्या माशांत ते जनुक आधीच मोडलेलं आहे त्यांनाच तो मॉर्फोलिनो टोचला. नुसतं विष असेल तर तेही आजारी पडायला हवेत. जनुक असो नसो, विषाला काय. पण त्यांच्यातल्या बहुतेकांना काही झालं नाही. म्हणजे मॉर्फोलिनो खरं बोलत होता. आणि मोडलेल्या माशांत दुसरंच काही घडलेलं होतं: एमिलिन नावाच्या कुळातली जनुकं जोमाने चालू झाली होती आणि गेलेल्याचं काम निभावून नेत होती. तात्पुरत्या अडवणुकीत ती जागी होत नव्हती, जनुक कायमचं मोडल्यावरच होत होती.

घरातलं एक माणूस गेलं की बाकीचे त्याचं काम वाटून घेतात, अशी उपमा इथे कुणालाही सुचेल. मीही ती वर्षभर वापरली. २०१९ मध्ये ती मोडीत निघाली. त्या वर्षीच्या कामांतून दिसलं, की गेलेल्या कामाची उणीव पेशीला जाणवते म्हणून हे होत नाही. बिघडलेल्या जनुकावरून बिघडलेली आरएनए निघते, नको तिथे ‘थांबा’ लिहिलेली. पेशी तशी आरएनए ओळखून फाडून टाकते. आणि या फाडण्यातूनच मिळत्याजुळत्या अक्षरांच्या जनुकांना चालू व्हायचा इशारा जातो. काम अडलं की नाही याची चौकशी कुणी करत नाही. चिठ्ठी फाटली एवढंच पुरतं. म्हणूनच जनुकाची सुरुवातच कापून काढली, इतकी की आरएनए निघूच नये, तर फाडायला काही नसतं, मदतीला कुणी येत नाही, आणि मासा आजारी पडतो. पुरतं पुसलं तर आजार, अर्धवट मोडलं तर ठणठणीत.

मी माझ्या जनुकाची सुरुवात कापली. दोन गाईड, दोन बाजूंना दोन घाव, मधला तुकडा बाहेर. परत नऊ महिने. हृदयं सुजली, पण चारात एकाला नाही. दोन्ही प्रती गेलेल्यांपैकी अर्ध्याअधिक पिल्लांना, तीही थोडीथोडीच. प्रबंधात ते ‘अंशतः’ या शब्दाखाली गेलं. परीक्षकांना तेवढं पुरलं. मला नाही.

हे फक्त माशांचं दुखणं आहे असं नाही. सिस्टिक फायब्रोसिसचं जनुक १९८९ मध्ये सापडलं, १९९२ मध्ये ते मोडलेले उंदीर तयारही झाले. माणसात हा आजार मुख्यतः फुप्फुसाचा जीव घेतो. उंदरांची आतडी तुंबली, फुप्फुसं मात्र बऱ्यापैकी शाबूत राहिली. आजार नीट दिसावा म्हणून शेवटी डुकरात तेच जनुक मोडावं लागलं. ते २००८ मध्ये झालं. आता या पायरीवरून वर चढत गेलं की काय होतं तेही दिसलं आहे. २०१९ च्या जानेवारीत चीनमधल्या शास्त्रज्ञांनी, जैविक घड्याळाचं एक जनुक मोडलेल्या माकडापासून पाच क्लोन पिल्लं जन्मल्याचं जाहीर केलं. निद्रानाश, घाबरणं, खिन्नता ही त्यांची लक्षणं, आणि ती दिसावीत हाच हेतू. मासे मारणाऱ्या बाईने यावर नाक मुरडावं का, असा प्रश्न मला कुणी विचारला तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण ते फोटो मी एकदाच बघितले.

विल्यम रसेल आणि रेक्स बर्च यांनी १९५९ मध्ये तीन गोष्टी सांगितल्या होत्या: प्राण्याऐवजी दुसरं काही चालत असेल तर ते वापरा, कमीत कमी प्राणी वापरा, त्यांना कमीत कमी त्रास द्या. प्रत्येक अर्जात ही तीन कलमं असतात आणि मी ती झोपेतही भरू शकते. यातलं दुसरं कलम मला ‘नॉर्मल’ लिहिलेल्या त्या डिश आठवून देतं. त्या चार महिन्यांतले मासे मी कमी वापरले नाहीत, जास्तही वापरले नाहीत, वापरलेच नाहीत. फॉर्मवर त्याला रकाना नाही.

आता मी दुसऱ्या लॅबमध्ये आहे, पण जनुक तेच घेऊन आले आहे. मदतीला धावणारी त्याची दोन भावंडं आम्हाला सापडली आहेत. एक तर त्याचीच जुळी प्रत आहे. माशांच्या पूर्वजांत फार पूर्वी सगळा जीनोमच, म्हणजे सगळा डीएनएच, दुप्पट झाला होता, त्यातून अशा जोड्या उरल्या. तिन्ही एकदम मोडली तर त्या कुळाचं खरं काम कळेल असा अंदाज आहे. एक जनुक असतं तेव्हा चारात एक मासा हवा तो मिळतो. दोन असली की सोळात एक. तीन असली की चौसष्टात एक. अभ्यासाला निदान दहा तरी हवेत, म्हणजे ६४० मासे वाढवायचे, प्रत्येकाला भूल देऊन शेपटीचा कोपरा कापायचा, डीएनए बघायचा. शेपटी दोनेक आठवड्यांत परत येते.

उरलेल्या ६३० चं काय, हे नव्या आलेल्या मुलाने परवा विचारलं. मी त्याला म्हटलं, आधी सगळ्यांचं जेल बघू.